गॅस दरवर्षी कमी होतो, तो जातो कुठे? : बेळगाव परिसरातील घरगुती एसीच्या दुरुस्तीविषयी

मार्कंडेय (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांना नमस्कार. घरातील एसीच्या दुरुस्तीविषयी आपल्या भागातील जाणकारांशी सविस्तर बोलता यावे, म्हणून हा धागा काढत आहे. लेखन थोडे लांबले आहे, कारण अर्धवट माहितीवर कोणी नेमका सल्ला देऊ शकणार नाही.

आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचावर आहे, आणि माझ्या लहानपणी वडगावातील आमच्या कौलारू घरात पंखासुद्धा नव्हता. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास वळीव कोसळून गेला की रात्री अंगावर चादर घ्यावी लागे. आता आम्ही टिळकवाडीत वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट स्लॅब आहे, आणि दिवसभर तापलेला तो स्लॅब मध्यरात्र उलटून गेली तरी खोलीत उष्णता सोडत राहतो. आईचे वय ७८ आहे आणि तिला दम्याचा त्रास आहे. तिच्या खोलीसाठी आठ वर्षांपूर्वी दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. त्यात आर-३२ गॅस आहे. आउटडोअर युनिट गच्चीवर लोखंडी चौकटीत बसवलेले आहे.

पहिले चार उन्हाळे काहीही तक्रार नव्हती. पाचव्या उन्हाळ्यात थंडावा कमी झाला. मेकॅनिकने वीस मिनिटांत गॅस भरला, "गॅस संपला होता" असे सांगितले आणि २,६०० रुपये घेतले. सहाव्या उन्हाळ्यात पुन्हा तेच घडले, त्या वेळी ३,००० रुपये झाले. गेल्या वर्षी दुसरा मेकॅनिक बोलावला. त्यानेही गॅसच भरला आणि ३,४०० रुपये घेतले. म्हणजे तीन वर्षांत ९,००० रुपये केवळ गॅसवर गेले, आणि यंदा एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात एसी नुसती वाऱ्यासारखी हवा देऊ लागला. आता तिसरे मेकॅनिक म्हणतात की इनडोअरची (खोलीतील भागाची) कॉइल, म्हणजे गॅस फिरतो तो वळवलेल्या नळ्यांचा संच, गळते आहे, ती बदलण्यास ११,५०० रुपये लागतील, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन एसी घेणे बरे. त्यांनी हे निदान पुढची जाळी उघडून, टॉर्चने पाहून केले. कोणतेही यंत्र लावले नाही.

मी स्वतः एक गोष्ट पाहिली. एसी सुरू करून पंधरा मिनिटांनी गच्चीवर गेलो, तेव्हा आउटडोअरला जोडलेल्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीच्या नटावर मिठासारखा पांढरा बर्फ जमला होता. जाड नळी मात्र कोरडी आणि कोमट होती. नटाखालच्या पत्र्यावर एक रुपयाच्या नाण्याएवढा तेलकट डाग आहे, आणि त्यावर धूळ चिकटून तो काळा झाला आहे. तिन्ही मेकॅनिकांपैकी कोणीही या डागाबद्दल काही बोलले नाही.

गॅस दरवर्षी खरोखर संपतो का, कॉइल गळते आहे की दुसरे काही, हे खात्रीने कसे ठरवावे, आणि आठ वर्षांच्या यंत्रावर पैसे घालावेत का, हे मला जाणून घ्यायचे आहे. तूर्त आईच्या खिडकीला ओले लुगडे बांधून आणि टेबल फॅन लावून आम्ही दुपार काढत आहोत. तिला रात्री दोन-दोन वेळा उठून बसावे लागते, म्हणून उत्तराची घाई आहे.


निवृत्त यंत्रशिक्षक (हिंदवाडी, बेळगाव)

आपण निरीक्षण उत्तम नोंदवले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. एसीतील गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही, की झिजतही नाही. कारखान्यात भरलेला तोच गॅस कॉम्प्रेसरमधून दाबाखाली बाहेर पडतो, आउटडोअरच्या कॉइलमध्ये उष्णता टाकून द्रव होतो, बारीक नळीने खोलीकडे येतो, इनडोअरच्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता घेऊन पुन्हा वायू होतो आणि जाड नळीने परत जातो. नळ्या आणि सांधे शाबूत असतील तर तोच गॅस यंत्राच्या अखेरपर्यंत पुरतो. म्हणून "गॅस संपला" या निदानाचा अर्थ एवढाच होतो की तो कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

बारीक नळीवर बर्फ का येतो, हेही समजून घ्यावे. गॅस कमी झाला की त्या बाजूचा दाब घटतो, दाब घटला की उकळण्याचे तापमान शून्याखाली जाते, आणि हवेतील बाष्प तिथेच गोठते. चांगल्या चालणाऱ्या यंत्रात जाड नळी गार असते आणि तिच्यावर पाण्याचे थेंब येतात. आपल्याकडे ती कोमट आहे, म्हणजे खोलीची उष्णता उचलायला पुरेसा द्रव कॉइलपर्यंत पोहोचतच नाही. या अवस्थेत यंत्र चालवत राहू नये. परत येणारा गार गॅस कॉम्प्रेसरलाही थंड ठेवत असतो. तो कमी पडला की कॉम्प्रेसर तापतो आणि काही आठवड्यांत मोठा खर्च उभा राहतो.

तेलकट डाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉम्प्रेसरचे तेल थोड्या प्रमाणात गॅसबरोबर नळ्यांतून फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेल उरते. त्या डागाच्या वर जो नट आहे त्याला फ्लेअर नट म्हणतात. तांब्याच्या नळीचे तोंड तुतारीसारखे पसरवून तो आवळलेला असतो. बसवताना तो गरजेपेक्षा जास्त आवळला, तर पसरवलेल्या तांब्याला केसासारखी चीर जाते. पहिली काही वर्षे काही कळत नाही. आउटडोअरची कंपने आणि उन्हाळ्या-हिवाळ्यातील आकुंचन-प्रसरण यांनी ती चीर हळूहळू वाढते.

इनडोअरच्या कॉइलला बारीक छिद्र पडणे अशक्य नाही, पण टॉर्चने पाहून ते ठरत नाही. संपूर्ण यंत्रणेत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून, गेजवरील (दाबमापकावरील) आकडा अर्धा-पाऊण तास स्थिर राहतो का ते पाहावे लागते, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा लागतो. सांध्यांवर फेस फुगला नाही आणि तरीही दाब उतरत असेल, तर इनडोअरची कॉइल दोन्ही नट सोडून वेगळी करावी, तिची तोंडे बंद करावीत आणि तिच्यावरच दाब द्यावा. तेव्हाही दाब उतरला तरच कॉइल बदलावी. ही चाचणी केल्याविना ११,५०० रुपये देऊ नयेत.


शहापूरचा मेकॅनिक

मी अठरा वर्षे हेच काम करतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम केला आहे. वर सरांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, तरी मेकॅनिकची बाजूही इथे मांडली जावी असे मला मनापासून वाटते.

मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत आम्हाला दिवसाला दहा-बारा फोन येतात. गळती शोधून, सांधा दुरुस्त करून, व्हॅक्यूम घेऊन (म्हणजे नळ्यांतील हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढून), तोलून गॅस भरायचा तर एका घरी साडेतीन-चार तास जातात. नायट्रोजनचे सिलिंडर आणि व्हॅक्यूम पंप तीन मजले चढवून गच्चीवर न्यावा लागतो. याचे ५,००० रुपये सांगितले की ग्राहक म्हणतात, "शेजाऱ्यांकडे अडीच हजारांत गॅस भरून दिला, तुम्ही दुप्पट कसे सांगता?" मग पुष्कळ मेकॅनिक तेवढ्या पैशांत जेवढे बसते तेवढेच काम करतात. ते योग्य आहे असे मी म्हणत नाही, परंतु नुसता दर विचारून मेकॅनिक निवडला की काम असेच होते. गळती काढण्याचे, व्हॅक्यूमचे आणि गॅसचे पैसे वेगवेगळे लिहून मागितले, तर दोन्ही बाजूंना नेमके कशाचे पैसे आहेत ते कळते.

आता कामाबद्दल. फ्लेअरची चीर निघाली, तर नट नुसता आणखी आवळून चालत नाही. नळीचे तोंड कापून, आतील बर (कापताना उठलेली धारदार कड) काढून, तुतारी नव्याने घडवावी लागते. त्यानंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) खाली यावे, आणि पंप बंद केल्यावर काटा वर चढत नाही हे पाहावे. काही जण थोडा गॅस सोडून नळीतील हवा "ढकलून" देतात. त्याने ओलावा आतच राहतो. हा ओलावा आजच्या यंत्रांतील तेलात मुरून आम्ल तयार होते, आणि ते आम्ल कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला (मोटारीतील तारांच्या गुंडाळीला) खाते. दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जळाला, तर त्याचे मूळ त्या दिवशी वाचवलेल्या अर्ध्या तासात असू शकते.

गॅस गेजवर बघून अंदाजाने भरू देऊ नका. आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. यंत्रणा रिकामी करून व्हॅक्यूम घेतल्यावर काट्यावर सिलिंडर ठेवून तेवढेच ग्रॅम भरायचे. इन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने गेजवरचा आकडाही हलत राहतो, त्यामुळे वजनाशिवाय खात्री होत नाही. जुन्या आर-२२ च्या यंत्रात "आता हाच मिळतो" म्हणून आर-३२ कोणी भरत असेल तर थांबवा. आर-३२ चा दाब त्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि ते यंत्र त्यासाठी घडवलेले नसते.

तीन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत म्हणून कळकळीने लिहितो. दाबाच्या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो, आणि वेल्डिंगचे सिलिंडर हाताशी असते म्हणून ही चूक घडते. मेकॅनिकच्या हातातील सिलिंडर नायट्रोजनचेच आहे, हे विचारण्यात संकोच करू नये. दुसरे असे की आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. तो नळीत असताना ब्रेझिंगची (नळ्यांचे सांधे जोडण्याची) ज्योत लावायची नाही, आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवायच्या. तिसरे, आउटडोअर भिंतीबाहेर टांगलेले असेल, तर सेफ्टी बेल्ट आणि दोर असल्याशिवाय माणसाला सज्ज्यावर उतरवू नका. घाईत "पाच मिनिटांचे काम आहे" असे आम्हीच म्हणतो, तेव्हा घरच्यांनी अडवावे.


कृष्णाकाठ (अथणी)

मार्कंडेय यांचा प्रश्न गळतीचा आहे, परंतु आमच्या तालुक्यातील अनुभव वेगळा असल्याने तो जोडतो. बेळगाव आणि अथणी एकाच जिल्ह्यात असले तरी उन्हाळा एक नाही. आम्ही पठाराच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या खोऱ्यात आहोत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकणे इथे नवे नाही. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजून लिहिलेली असते. बाहेर ४१ अंश असतील आणि आउटडोअर पश्चिमेच्या उन्हात पत्र्याला टेकून असेल, तर तोच दीड टन दुपारी तेवढा राहत नाही. तेव्हा दुपारी दोन ते पाच थंडावा कमी आणि रात्री उत्तम, असे होत असेल तर गॅसला हात लावू नये. आम्ही आउटडोअरवर चार फूट उंचीवर गवताचे छप्पर केले आणि समोरची बाजू मोकळी ठेवली. पूर्वी कोणीतरी त्यावर पोते टाकून ठेवले होते. त्याने गरम हवा कोंडून यंत्र वारंवार बंद पडत असे.

आमचा एसी जुना, बिनइन्व्हर्टरचा आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आउटडोअरमधून नुसता घुंकार येई, दहा-पंधरा सेकंदांनी "टक्" असा आवाज होऊन शांतता पसरे, आणि चार मिनिटांनी पुन्हा तोच क्रम चालू होई. पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर सुरू होत नव्हता. आलेल्या माणसाने "कॉम्प्रेसर गेला" म्हणून १४,००० रुपयांचा अंदाज दिला. गावातील मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका वयस्कर कारागिराने कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर देणारा विजेचा भाग) काढून मीटरवर धरला. त्यावर ४५ मायक्रोफॅरड छापलेले होते आणि मीटर ३१ दाखवत होता. वरचे झाकणही किंचित फुगले होते. ३५० रुपयांचा कपॅसिटर घातला आणि यंत्र पहिल्या क्षणी सुरू झाले. उष्णतेने कपॅसिटर लवकर थकतात, आणि शेतीपंप चालू असताना व्होल्टेज उतरले की कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर मिळत नाही. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच महिन्यात येतात. मात्र कपॅसिटर स्वतः काढायला जाऊ नये. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठलेला असतो आणि तो जबर धक्का देतो.

वायरिंगकडेही पाहावे. दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी असावी. आमच्या भावाकडे गिझरच्याच लाइनवर एसी जोडला होता. प्लगची एक पिन तपकिरी पडून प्लास्टिक वितळले होते, आणि वास येईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही.


ऊसपट्टा (रायबाग)

आमच्याकडे गाळप हंगामात साखर कारखान्याची काळी राख उडते. ती गच्चीवर पडते तशीच आउटडोअरच्या पंखांतही बसते. मार्चमध्ये एसी प्रथम सुरू करण्यापूर्वी आउटडोअरच्या मागची बाजू पाण्याने आतून बाहेर धुवायची, हा आमच्या घरचा नेम आहे. राख ओली होऊन सुकली की ती सिमेंटसारखी धरते, म्हणून नुसता ब्रश फिरवून भागत नाही. पाण्याचा जोर मात्र बेताचा ठेवावा, कारण जेट पंप अगदी जवळ धरला तर अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पंख आडवे पडतात आणि हवा अडते. गेल्या वर्षी आमच्या चुलत्यांकडे "गॅस कमी आहे" म्हणून सांगितले होते. धुतल्यानंतर एसी पूर्ववत थंड होऊ लागला. निपाणी भागातील तंबाखूच्या वखारींजवळ राहणाऱ्यांनाही धुळीचा हा अनुभव असेल.


वेदगंगा (निपाणी)

तंबाखूच्या धुळीबद्दल वरील सदस्यांचे म्हणणे खरे आहे. आमच्या गल्लीत इनडोअरचे फिल्टर आठवड्याला धुवावे लागतात. परंतु मला सीमाभागातील एका वेगळ्या अडचणीविषयी लिहायचे आहे, कारण ती आपल्यापैकी अनेकांना भोवते.

निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. आमची लग्नाची खरेदी, दवाखाना, सगळे तिकडेच, म्हणून एसीही तिकडच्याच दुकानातून घेतला. दुसऱ्या वर्षी पीसीबी (नियंत्रणाची सर्किटची पाटी) बिघडली. कंपनीच्या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर पिनकोड कर्नाटकाचा असल्याने ती बेळगावच्या सेवा केंद्राकडे गेली. तिकडून उत्तर आले की खरेदी महाराष्ट्रातील आहे, विक्रेत्याला विचारा. विक्रेता म्हणाला, आम्ही फक्त विकतो. असे सोळा दिवस गेले, आणि ते दिवस एप्रिलमधील होते. फोनवरचा एक माणूस कन्नडमधून बोले, दुसरा हिंदीतून. आमच्या वडिलांना दोन्ही नीट कळत नव्हते आणि प्रत्येक वेळी ते मला नोकरीच्या ठिकाणी फोन करत.

शेवटी मार्ग निघाला तो असा. वॉरंटी कार्डावर प्रादेशिक मर्यादा कुठेही लिहिलेली नव्हती, याचे छायाचित्र, बिल आणि तक्रार क्रमांक जोडून मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी ईमेल पाठवला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली. सहाव्या दिवशी पीसीबी विनामूल्य बदलून मिळाली. तेवढ्यावर भागले नसते, तर पुढचा मार्गही माहीत असावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे वस्तू कोल्हापुरात घेतली तरी आपल्याला कोल्हापूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येक मेकॅनिककडून जॉब शीट घ्यावी. ती कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल, तर सही करण्यापूर्वी वाचून घ्यावी किंवा घरातील शाळकरी मुलांकडून वाचून घ्यावी. आमच्या वडिलांनी ज्या कागदावर सही केली होती, त्यावर "ग्राहक समाधानी" असे लिहिलेले होते आणि यंत्र बंद होते. "कॉम्प्रेसरवर दहा वर्षे वॉरंटी" या ओळीचा अर्थही नीट समजून घ्यावा. बहुतेक वेळा त्यात कॉम्प्रेसर हा एवढाच भाग येतो. गॅस, मजुरी, वाहतूक आणि कॉइल ग्राहकाच्याच माथी असते.


खानापूरकर

आमच्याकडे उष्णतेपेक्षा पावसाचा ओलावा जास्त, म्हणून थोडक्यात लिहितो. एसी जूनपासून मार्चपर्यंत बंद असतो, आणि त्या काळात आउटडोअरच्या पीसीबीच्या पेटीत मुंग्या आणि पाली घर करतात. दोन वर्षांपूर्वी आमची पीसीबी जळाली तेव्हा आत दोन टोकांवर मेलेली पाल होती. आता पावसाळ्यातही महिन्यातून एकदा अर्धा तास एसी चालवतो आणि वायर आत शिरते ते भोक बुजवून घेतले आहे. इनडोअरमधून भिंतीवर पाणी येत असेल, तर आधी ड्रेनची नळी पाहावी. बुळबुळीत शेवाळाने ती तुंबते, आणि नळीला मध्ये कुठे पोट आले असेल तर पाणी तिथेच थांबते.


मार्कंडेय (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान मी फिल्टर धुतले, आणि स्वयंपाकघरातील थर्मामीटर घेऊन तापमान मोजले. खोलीतून यंत्रात जाणारी हवा ३३ अंश आणि बाहेर पडणारी २९ अंश आहे, म्हणजे फरक फक्त चार अंशांचा आहे. हा फरक किती असावा? शिवाय रिमोटवर १८ ठेवावे की २४, यावरून घरात मतभेद आहेत.


निवृत्त यंत्रशिक्षक (हिंदवाडी, बेळगाव)

सुस्थितीत असलेल्या यंत्रात हा फरक साधारण ८ ते १२ अंश असतो. फिल्टर स्वच्छ असूनही चारच अंश येत असेल आणि बारीक नळीवर बर्फ असेल, तर गॅस कमी आहे यात शंका राहत नाही. मात्र फिल्टर मळलेला असतानाही बर्फ येऊ शकतो, म्हणून आपण तो आधी धुतला हे योग्य केले.

१८ ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त अधिक वेळ पूर्ण जोराने चालत राहते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या एसींना मूळ सेटिंग २४ अंशांचे ठेवणे बंधनकारक केले आहे. मातोश्रींना दम्याचा त्रास आहे, तेव्हा २५-२६ अंश आणि सोबत मंद पंखा ठेवावा, आणि गार हवेचा झोत खाटेवर थेट येऊ देऊ नये.


मार्कंडेय (टिळकवाडी, बेळगाव)

काल काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो. अनगोळमधील एका मेकॅनिकला फोनवरच विचारले की नायट्रोजनची चाचणी करणार का, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार का. त्यांनी सकाळी साडेसातची वेळ दिली, कारण नऊनंतर गच्चीवर हात टेकवत नाही. येताना सोबत एक मदतनीस मुलगा होता. उरलेला गॅस काढून घेतल्यावर त्यांनी ३५० पीएसआय दाबापर्यंत नायट्रोजन भरला आणि भांड्याच्या साबणाचा घट्ट फेस करून ब्रशने एकेक सांधा रंगवला.

इनडोअरच्या दोन्ही नटांवर फेस जसाच्या तसा राहिला. गच्चीवरच्या जाड नळीच्या नटावरही काही झाले नाही. बारीक नळीच्या नटाखाली, त्याच तेलकट डागाच्या वर, दोन मिनिटे काही दिसले नाही आणि मेकॅनिक उठू लागले. तेवढ्यात त्या मुलाने हाताने खूण केली. नटाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला होता. तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. नट सोडून नळीचे तोंड पाहिले, तेव्हा तुतारीच्या काठापासून आत गेलेली चीर नखाला लागत होती. तीन वर्षे जी गोष्ट कोणी पाहिली नाही, ती मी हातात धरून पाहत होतो, आणि खरे सांगायचे तर मला संतापही आला आणि हायसेही वाटले.

त्यांनी तोंड कापून नवी फ्लेअर केली, टॉर्क पान्याने नट बसवला आणि पुन्हा नायट्रोजन भरला. पाऊण तास काटा हलला नाही. म्हणजे इनडोअरची कॉइल पूर्णपणे चांगली आहे. ११,५०० रुपये वाचले. त्यानंतर पस्तीस मिनिटे व्हॅक्यूम चालला, आणि पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ८०० ग्रॅम गॅस काट्यावर तोलून भरला. एकूण ५,२०० रुपये झाले. त्यांत गळतीची चाचणी आणि फ्लेअर १,५००, व्हॅक्यूम ७०० आणि गॅस ३,००० असे वेगळे लिहून दिले. चार तास लागले, आणि त्यांनी आमच्याकडे पोहे खाल्ले तेवढीच काय ती विश्रांती घेतली. शहापूरच्या सदस्यांचे म्हणणे मला तेव्हा पुरते पटले. हे काम अडीच हजारांत कोणत्याही मेकॅनिकला परवडणार नाही.

आज सकाळी हवेतील फरक अकरा अंशांचा आला. बारीक नळीवर बर्फ नाही आणि जाड नळीवर थेंब आहेत. आई रात्री एकदाही उठली नाही. एकच शंका आहे: चीर गेलेली फ्लेअर बसवण्याच्या दिवसापासूनची असेल, तर बाकीच्या तीन सांध्यांचे काय?


शहापूरचा मेकॅनिक

३५० पीएसआयला पाऊण तास दाब टिकला आहे, तेव्हा आज काळजी नाही. तेच हात चारही नटांवर फिरले होते, म्हणून जूनमध्ये एसी बंद करण्यापूर्वी एकदा आणि पुढच्या मार्चमध्ये एकदा चारही ठिकाणी फेस लावून पाहावा. त्याला नायट्रोजन लागत नाही, यंत्रातील गॅसचा दाब पुरतो. आउटडोअरकडचे नट तपासताना एसी आधी दहा मिनिटे बंद ठेवावा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा होतो. नटाखालचा जुना तेलकट डाग आजच रॉकेलच्या बोळ्याने पुसून टाका. नवीन डाग आला तर तो लगेच ओळखता येईल.


मार्कंडेय (टिळकवाडी, बेळगाव)

डाग पुसला. चारही नटांजवळ आजची तारीख रंगाने लिहून ठेवली आहे, आणि ८०० ग्रॅमची नोंद असलेले बिल एसीच्या खरेदीच्या बिलाबरोबर एकाच पाकिटात ठेवले आहे. जूनमध्ये फेस लावून पाहिल्यावर इथेच कळवतो.


कृष्णाकाठ (अथणी)

जरूर कळवावे. आमच्याही एसीच्या नटाखाली तसाच डाग आहे, हे आपला धागा वाचून आज प्रथम लक्षात आले. शहापूरच्या सदस्यांना विनंती आहे की नायट्रोजनची चाचणी करणारा कोणी अथणी किंवा चिकोडी भागात माहीत असल्यास व्यक्तिगत संदेशाने कळवावे.


शहापूरचा मेकॅनिक

चिकोडीत माझ्याबरोबर शिकलेला एक जण आहे. संदेश पाठवला आहे. त्याला सकाळची पहिली वेळ मागा.